आधी काढलेलं ताट

यवतमाळात आमच्या फ्लॅटच्या जिन्यात भाद्रपदातला एक दिवस असा येतो, की पहिल्या मजल्यापासूनच आंबिलीचा वास सुरू होतो. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, खोबऱ्याचे तुकडे घातलेली आंबील. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात त्यांचं जेवण तिच्याशिवाय पुरं होत नाही. मी ख्रिस्ती घरातली, आमच्याकडे महालक्ष्म्या बसत नाहीत. पण तो वास आला की हातातल्या पिशव्या घेऊन मी जिन्यातच थांबते. नवरा वरून विचारतो, "आता काहून थांबली?" त्याला काय सांगू? त्या आंबिलीवरून आमच्या घरात केवढं रामायण झालं होतं. आता ख्रिस्ती बाईनं रामायण म्हणावं की नाही यावरही चर्चमधे कुणी संदेश देईल. देऊ दे.

आम्ही तेव्हा वणीला राहायचो. बाबा कोळशाच्या खाणीत फिटर होते. खाण गावाबाहेर होती, पण तिची धूळ आमच्या घरची पाहुणी. सकाळी वाळत घातलेला पांढरा टॉवेल संध्याकाळी करडा होऊन घरात यायचा. त्यामुळे आमच्या गल्लीत ताट झाकल्याशिवाय कुणी कुणाकडे नेत नसे. झाकण म्हणून वर केळीचं पान नाहीतर धुतलेला रुमाल. ताट उघडायच्या आधी रुमाल दाराबाहेर झटकायचा, ही आमच्या गावची रीत.

शेजारी काकू राहायच्या. त्यांचे यजमान तहसिलात बाबू. दोन घरांच्या मधे छातीइतकी भिंत होती आणि त्या भिंतीवरून आमचं अर्धं आयुष्य इकडून तिकडे गेलं असेल. आई आणि काकू एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन त्या गल्लीत आल्या. दोघींनाही गावात कुणी ओळखीचं नव्हतं, दोघींनाही घरात धाक होता. आईला माझ्या आजोबांचा, काकूंना त्यांच्या सासूबाईंचा. माझे आजोबा लवकर देवाघरी गेले. काकूंच्या सासूबाई, त्यांना आम्ही आजी म्हणायचो, चांगल्या ठणठणीत होत्या.

आजी म्हणजे कडक बाई. मनानं वाईट नव्हत्या, पण नियम म्हणजे नियम. त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेले नाही, आणि त्या आमच्या फाटकाच्या आत कधी आल्या नाहीत. भिंतीवरून मात्र झकास बोलायच्या. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक त्यांच्याकडे सोवळ्यात व्हायचा. नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी चव घेणं तर सोडाच, पातेल्यावर वाकून वास घेतला तरी आजी ओरडायच्या. देवीच्या आधी माणसाचं पान वाढलं तर सगळा स्वयंपाक उष्टा झाला, असं त्यांचं म्हणणं.

आमची आईही काही कमी नव्हती. नाताळच्या फराळाला ती बसली, की सगळ्यात आधी काकूंचा डबा. केकमधे अंडं लागतं आणि काकूंकडे अंडं चालत नाही. म्हणून आई एका वेगळ्या पातेल्यात, दही घालून, बिनअंड्याचा केक करायची. करंज्या, अनारसे, चकल्या भरून तो डबा भिंतीवर ठेवला, की मगच आमच्या घरात पहिलं अंडं फुटायचं. मी एकदा म्हटलं होतं, "त्यांना काय कळतं गं, कोणत्या पातेल्यात केलं ते?" आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप पीठ मळायला घेतलं. "त्यायले नाही कळत," ती म्हणाली, "म्हणूनच तं सांभाळा लागते."

महालक्ष्म्यांच्या दिवशी मग तिकडून ताट यायचं. पुरणपोळी, कढी, वडे, सोळा भाज्यांची भाजी आणि वाटीभर आंबील. बाबा प्रार्थना करायचे आणि आम्ही जेवायचो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. ते देवीपुढचं आहे की नाही, हे आमच्याकडे कुणी विचारलं नाही आणि तिकडून कुणी सांगितलं नाही.

मग आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, नवीन पाळकसाहेब आले. तरुण, नुकतेच शिकून बाहेर पडलेले, आवाज चांगला, शास्त्र तोंडपाठ. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला ते पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत. का, ते विचाराल तर सांगता येणार नाही. फार नीट भांग पाडायचे. पण आज इतक्या वर्षांनी खरं सांगायचं तर ते चुकीचं बोलत नव्हते. मंडळीत एक बाई नव्यानं विश्वासात, म्हणजे ख्रिस्ती धर्मात, आल्या होत्या. त्यांनी घरचा प्रसाद नाकारला म्हणून सासरच्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. एकाच घरात राहून सासूचा अबोला, जावांचा अबोला. साहेब उपासनेत म्हणाले, "ती बहीण एवढं सोसते आहे आणि जुन्या घरातले आपण शेजारचा प्रसाद मजेत खातो. तिनं आपल्याकडे पाहून काय समजायचं?" पुढे त्यांनी सांगितलं, की या वर्षीपासून ज्यांच्या घरी प्रसाद घेतला जातो त्यांनी पंच होऊ नये.

आणि त्याच वर्षी बाबांचं नाव पंच म्हणून निघालं होतं.

ज्यांना मंडळी म्हणजे काय ते माहीत नाही त्यांना यात काय मोठं, असं वाटेल. पंच म्हणजे पाच-सात माणसांतला एक. दान गोळा करायचं, आजाऱ्याकडे जायचं, भांडण मिटवायचं आणि प्रभुभोजनाची भाकर वाटताना पाळकाच्या बाजूला उभं राहायचं. बाबांचे वडील आयुष्यभर मंडळीच्या देवळाची घंटा वाजवत आणि बाक पुसत आले. त्यांना कुणी कधी बाजूला उभं केलं नाही. बाबांनी पांढरा शर्ट शिवायला टाकला. शिवून आला तेव्हा तो त्यांनी घालून पाहिला आणि घडी घालून ट्रंकेत ठेवला. पंचांची नेमणूक होईल त्या रविवारी घालायचा म्हणून. धुळीच्या गावात नवा पांढरा शर्ट बाहेर ठेवायची कुणाची छाती नव्हती.

एके दिवशी बाबा मोठ्या खुशीत घरी आले. "रविवारी चार वाजता साहेब आपल्या घरी प्रार्थनेला येऊन राह्यले. म्या बोलावलं."

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बरं."

घोळ असा झाला, की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर मंडळीचं होतं. त्यावर रोजचं बायबलमधलं एक वचन, उपवासाचे शुक्रवार, कापणीचा सण, सगळं होतं. तिथी नव्हत्या. गणपती बसलेत हे गल्लीतल्या लाऊडस्पीकरनं सांगितलं होतं, पण महालक्ष्म्या जेवायचा दिवस कोणता, हे त्या कॅलेंडरवर बापजन्मात सापडलं नसतं. रविवारी सकाळी उपासनेहून परत आलो तर भिंतीपलीकडून पुरणाचा वास. बाबा फाटकातच उभे राहिले. "आजच हाय का वं?" त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "तुमीच तं बोलावलं."

दुपारभर बाबा आतबाहेर करत होते. दोनदा म्हणाले, "तिले सांग ना, यंदा नको पाठवू म्हणा." आई चहाच्या कपबश्या पुसत राहिली. मी म्हटलं, "कशी सांगणार? सणाच्या दिवशी कुणाला ताट नको म्हणतात का?" बाबा माझ्यावर खेकसले, "तू मधात नको बोलू." म्हणजे मी मधात बोलायचं नाही आणि त्यांनी मधात साहेबांना बोलावून ठेवायचं.

साहेब बरोब्बर चारला आले. गीत झालं, वचन झालं. आई चहा ठेवायला उठली आणि तेवढ्यात फाटक वाजलं. काकू. जरीची साडी, कपाळावर मळवट, हातात केळीच्या पानानं झाकलेलं ताट. आत पाहुणे आहेत हे त्यांना दारात आल्यावरच दिसलं. त्या हसून म्हणाल्या, "थांबत नाही, सवाष्णी बसल्यात जेवायला. एवढं घ्या."

आईनं ताट हातात घेतलं. साहेब उठून उभे राहिले. त्यांच्या आवाजात अजिबात उर्मटपणा नव्हता, हे मला मान्य करावं लागतं. "ताई, राग मानू नका. आमच्यात मूर्तीपुढचं चालत नाही. यांनाही संकोच होत असेल, म्हणून मीच सांगतो."

काकूंचं तोंड उतरलं. माझ्या तर डोक्यात तिडीक गेली. ज्या बाईनं माझ्या जन्माच्या वेळी आईच्या उशाशी बसून रात्र काढली तिला आमच्याच दारात हे ऐकावं लागावं? मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू बोलल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा वर गेला.

"साहेब, हे देवीपुढचं नाहीच मुळी. यांचं ताट मी नैवेद्याच्या आधी काढून ठेवते. लग्न होऊन आले तेव्हापासून. यांना चालत नाही, हे मला कळत नाही का?"

मी आईकडे पाहिलं. आईला हे माहीत नव्हतं. तिच्या हातातलं ताट थोडं खाली आलं आणि तिनं ते पुन्हा सावरलं. इतकी वर्षं काकू सोवळ्यातल्या स्वयंपाकातून, देवीच्या आधी, सासूची नजर चुकवून आमचं ताट काढत होत्या. त्यांच्या घरच्या हिशेबानं हे केवढं पाप, हे आमच्या घरात आईइतकं कुणालाच कळत नव्हतं. बाबांचा चेहरा मात्र एकदम उजळला. प्रसाद नाहीच म्हटल्यावर प्रश्नच मिटला. साहेबही हसले आणि म्हणाले, "मग काहीच हरकत नाही."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "काय म्हणालीस गं?"

आजी भिंतीपाशी उभ्या होत्या. सुनेला बोलवायला आल्या असाव्यात. काकू पांढऱ्याफटक पडल्या. त्यांना त्या घरात राहायचं होतं, रोज, त्या सासूबरोबर, त्या स्वयंपाकघरात. सवाष्णी पानावर बसलेल्या आणि सुनेनं देवीचा स्वयंपाक वर्षानुवर्षं उष्टा केला, हे आत्ता कळलं तर पुढे काय होईल, हे मलाही समजत होतं.

आईनं ताट टेबलावर ठेवलं. एकदा बाबांकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरत नाही, त्यात माफी होती. मग ती बाहेर गेली, भिंतीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, ताट तं पोचलं. पन देवीपुढचा प्रसाद कुठी हाय माह्या वाटचा? वाटीत जरासक द्या ना."

आजींनी आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. पुरण आणि त्यावर आंबील, देवीपुढची. आईनं ती भिंतीपाशी उभ्या उभ्या खाल्ली. आमचं दार उघडंच होतं. साहेबांना सगळं दिसत होतं, बाबांनाही. आई खोटं बोलली नाही, तिला ते येतही नव्हतं. काकूंनी जे सांगितलं ते खरं की खोटं, यावर तिनं चकार शब्द काढला नाही. पण तिनं प्रसाद मागून खाल्ल्यावर सुनेचं बोलणं साहेबांपुढे वेळ मारून न्यायला होतं, असं मानायला आजींना जागा राहिली. काकू डोळे पुसत घरी गेल्या.

साहेबांनी चहा घेतला. शेवटची प्रार्थना लहान केली. निघताना म्हणाले, "मावशी, तुम्ही ते खायला नको होतं."

"मले मालूम हाय साहेब," आई म्हणाली. "पन तिले त्या घरात राहाचं हाय."

ते गेल्यावर बाबांचा स्फोट झाला. एरवी बाबा म्हणजे गरीब गाय, पण त्या दिवशी ताटल्या वाजल्या. "ताट आधीचंच होतं ना? मंग? साहेब हो म्हणून राह्यले होते ना? तुले काय गरज पडली होती?" आई म्हणाली, "माह्या मनावर वझं नको म्हणून तिनं एवढं केलं. मंग तिचं वझं म्या उचलू नको?" बाबा म्हणाले, "अन् माह्यं?" आई रडली. मीही रडले, पण मी रागानं.

दुसऱ्या दिवशी आई कुणालाही न विचारता त्या नव्या बाईंच्या घरी गेली. मला सोबत घेतलं. दारातच सांगितलं, "बाई, म्या काल प्रसाद खाल्ला. दुसऱ्याकडून आयकशील त्यापेक्षा माह्या तोंडून आयक. तू नाकारते थे बरोबर हाय. माह्यं पाहून तू ढिली नको पडू." त्या बाईंनी ऐकून घेतलं. चहा विचारला नाही. परत येताना मी बडबडले, की एवढं सांगायला जायची काय गरज होती. आई म्हणाली, "करतानी हिंमत केली, तं सांगतानी काहून लपावं?" पुढच्या रविवारी त्या बाई आईचा बाक सोडून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. आईला ते लागलं. घरी येऊन ती नीट जेवली नाही.

बाबांनी सभेत स्वतःच उठून सांगितलं, की माझं नाव राहू द्या. साहेबांनी खूप सौम्यपणे मान हलवली. पांढरा शर्ट ट्रंकेतच राहिला. बाबा आईशी कामापुरतं बोलायचे. मीठ दे, पाणी दे. एवढ्या वर्षांचं लग्न, एवढा संसार, आणि घरात असा उन्हाळा. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही कीव.

भिंतीवरची वर्दळही कमी झाली. काकू दिसल्या की हसायच्या, पण पूर्वीसारख्या उभ्या राहून बोलायच्या नाहीत. आजी तर गपच. त्यांनी ऐकलं होतं की नाही, हे आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. नाताळ आला. आईनं वेगळं पातेलं काढलं, दह्याचा केक केला, डबा भरून भिंतीवर ठेवला. काकूंनी तो उचलला आणि काही न बोलता आत नेला. आई बराच वेळ हात पदराला पुसत उभी होती. मग तिनं अंडी फोडायला घेतली.

पुन्हा भाद्रपद आला. या खेपेला बाबांनी खाणीत विचारून दिवस माहीत करून घेतला होता. त्या दिवशी ते पाळी बदलून घरी राहिले. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. आई सकाळपासून स्वयंपाकघरात उगाच भांडी आवरत होती. ताट येणार की नाही, हे तिघांच्याही मनात होतं आणि तोंडावर कुणाच्याच नव्हतं. मला वाटत होतं, नाही येणार. का यावं? त्या ताटानं दोन्ही घरांचं भलं थोडंच केलं होतं?

पुरणाचा वास आला. मग आंबिलीचा. आरती अजून झाली नव्हती, हे आम्हाला कळायचं. त्यांच्याकडची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची.

आणि फाटक वाजलं.

आजी होत्या. ओल्या सोवळ्यात, केसांतून पाणी गळत होतं, हातात झाकलेलं ताट. त्या फाटकाच्या आत येताना मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. बाबा खुर्चीवरून उठले. आई दारात आली आणि तिथेच खिळली. आजींनी ताट आमच्या ओट्यावर ठेवलं, कुणाला शिवू नये म्हणून दोन पावलं मागे झाल्या आणि आईला म्हणाल्या,

"तुला काय वाटलं, मला ऐकू येत नाही? गेल्या साली सगळं ऐकलं होतं मी. वाटी आणून दिली ती पाहायला, की खातेस का."

आई दारातून ओट्यावर आली.

"खाल्लीस," आजी म्हणाल्या. मग त्यांनी ताटाकडे बोट केलं. "आरती व्हायची आहे अजून. हे मी माझ्या हातानं आधी काढलं. देवीला सांगूनच काढलं, या घरचं ताट आमच्याकडे आधी निघतं म्हणून. जेवून घ्या, गार होईल."

बाबा म्हणाले, "आजी, बसा ना."

"आज सोवळ्यात आहे. उद्या येते," म्हणाल्या आणि निघूनही गेल्या.

आई ओट्यावर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली. बाबांनी पानावरची धूळ बाहेर झटकली, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि आत आणलं. मग ते ट्रंकेपाशी गेले. मला वाटलं, रुमाल काढताहेत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगात तो पांढरा शर्ट होता, घड्यांच्या रेघा तशाच.

"उठ वं," ते आईला म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा असं म्हणाले.

आम्ही ताटाभोवती बसलो. बाबांनी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. त्यात आमची नावं आली, काकूंचं आलं, त्या दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या बाईंचं आलं, साहेबांचंही आलं, आणि सगळ्यात शेवटी आजींचं आलं. आईनं आमेन म्हटलं आणि पहिला घास बाबांच्या पानात वाढला. त्यांनी तो खाल्ला. त्यानंतर पलीकडे आरतीची घंटा वाजली.